जारचं पाणी

आई माझ्या घरी राहायला तयार झाली ती एका अटीवर. मासा बरोबर येणार.

माझा धाकटा भाऊ हिंजवडीजवळ जांब्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. वडील गेल्यावर आई गावाहून आली ती त्याच्याकडेच, आणि मग तिथेच राहिली. थोरला मी. पण त्या वेळी माझं घर लहान होतं, जिन्याला लिफ्ट नव्हती, मुलीची दहावी होती. मग बारावी होती. पुढे मुळशी तालुक्यातच चांद्याला तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा एक खोली आईची असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. त्या खोलीत माझं ऑफिसचं टेबल गेलं, मग कपाट गेलं, मग इस्त्रीचे कपडे. आईला न्यायचं राहून गेलं, असं मी म्हणत आलो. खरं म्हणजे ती भावाकडे आहे, सुखात आहे, याची मला सोय झाली होती. आमच्या दोन घरांमध्ये हिंजवडी आणि माण एवढंच काय ते. तरी मी महिन्यातून एखादा रविवार जायचो, फळं द्यायचो, चहा प्यायचो आणि निघायचो.

मग भावाची बंगळुरूला बदली झाली. आईला तिकडे नेण्याचा विषय निघाला, तर ती म्हणाली, “तितं मला पाणी मागायचं झालं तरी कुणाला विचारावं लागंल. म्या न्हाई येत. मी गावी जाते.”

गावी म्हणजे बार्शीकडे. घर बंद आहे, ओसरीवर शेजाऱ्याच्या शेळ्या बांधलेल्या असतात. आईचे गुडघे गेलेत, रक्तदाबाची गोळी चुकली की चक्कर येते. तिथे ती एकटी कशी राहणार, हे भावालाही कळत होतं आणि मलाही. त्या दिवशी त्याच्या हॉलमध्ये सगळे बसलो होतो. मी म्हणालो, “आई, माझ्याकडे चल.”

तिनं माझ्याकडे बघितलं. बोलवायला इतका उशीर का, असं ती विचारेल असं मला वाटलं. तिनं ते विचारलं नाही.

“महिनाभर बघते,” ती म्हणाली. “न्हाई जमलं तर गावी सोड मला. आन् मुडद्या येनार संगं.”

मुडद्या म्हणजे तिचा मासा. ऑस्कर जातीचा, काळा, अंगावर नारिंगी डाग, आता दीड वितीचा झालेला. पुतण्यानं तो बोटाएवढा असताना आणला. टाकीतले बाकीचे मासे त्यानं एकेक करून खाल्ले. पुतण्या शिकायला बाहेरगावी गेला आणि मासा आजीकडे आला. ती घरात माळकरी बाई. मासे खाणं सोडाच, बाजारात मासळीच्या बाजूनं जायची नाही. पण हा मासा तिचा झाला. सकाळी अंघोळ झाली की ती टाकीतलं थोडं पाणी काढून कढीपत्त्याच्या कुंडीला घालायची आणि आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेलं पाणी टाकीत भरायची. खाण्याची डबी हलवली की तो काचेला नाक लावून उभा राहायचा. “आलास का मुडद्या? रातच्याला जेवला न्हाईस का?” असं ती त्याच्याशी बोलायची. घरातली सगळी कामाला गेल्यावर दिवसभर तिच्या बोलण्याला तोच होता. हे मला भावजयीनं सांगितलं. मी तिथे दिवसभर कधी बसलोच नव्हतो.

भावजयीनं एकदा सुचवून पाहिलं होतं, “आई, मुळशी धरणात सोडून देऊ त्याला. एवढं मोठं पाणी आहे. मोकळा राहील.”

“तितं त्याला कोन वळखतंय?” आई म्हणाली. विषय संपला.

मी तयारीला लागलो. उशिरा का होईना, या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही, असं मनाशी धरलं होतं. खोलीतून माझं टेबल बाहेर काढलं. आईच्या गुडघ्यांसाठी चांगली गादी आणली. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतल्या. माशासाठी नवी टाकी घेतली, भावाकडच्या जुन्या टाकीहून मोठी. जुन्या टाकीच्या काचांवर पांढरे थर चढले होते, कोपऱ्यात शेवाळ होतं, झाकण दोरीनं बांधलेलं. ती माझ्या नव्या हॉलमध्ये मला नको होती. नव्या टाकीला दिवे होते, पांढरीशुभ्र वाळू होती, नवा फिल्टर होता. दुकानदार म्हणाला होता की आधी काही आठवडे टाकी नुसती चालू ठेवा म्हणजे पाण्यात माशाला लागणारे जिवाणू धरतील, जमलं तर जुन्या फिल्टरचा स्पंज आणून आत टाका. मी मान हलवली. घरी आलो आणि विसरलो असं म्हणणार नाही. मला तो जुना काळा स्पंज त्या पांढऱ्या वाळूजवळ डोळ्यांसमोर आणवेना.

राहिलं पाणी. आमच्या तालुक्यात केवढं तरी धरण आहे, पण आमच्या सोसायटीत पाणी येतं ते बोअरचं, आणि उन्हाळ्यात टँकरचं. नळाच्या तोट्यांवर पांढरे खडे जमतात. गीझर दर वर्षी फुटतो. हे पाणी आम्ही स्वतः पीत नाही. मग आईच्या माशाला कसं घालायचं? मी जारवाल्याला फोन केला. फिल्टर केलेल्या पाण्याचे वीस लिटरचे जार लिफ्टमधून एकामागोमाग एक वर यायला लागले. जारवाला घाम पुसत दारात उभा राहिला.

“साहब, घर में शादी है क्या?”

“नहीं. मछली के लिए.”

त्यानं टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मछली मिनरल पिएगी? अगले जनम में आपके घर मछली बनूँगा, साहब.”

मी हसलो. मला ते बोलणं आवडलंच होतं. पाणी इतकं नितळ होतं की टाकी रिकामी आहे असं वाटावं.

निघायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. सामान बांधलं का, गोळ्या घेतल्या का, असं बोलणं झाल्यावर ती म्हणाली, “हितलं पानी घ्यायचं का रं संगं? टाकीतलं?”

“नको गं आई. ते घाण पाणी कशाला? मी तिथे स्वच्छ पाणी भरून ठेवलंय. जारचं. आपण पितो ते.”

“जारचं?”

“हो. एकदम शुद्ध.”

“बरं,” ती म्हणाली. “तुजं घर हाय. तू म्हनशील तसं.”

ते वाक्य मी तेव्हा कौतुकाचं समजलो.

माशाला टाकीतून काढणं हे काम भावानं केलं. जाळी वापरायची नाही, एवढ्या मोठ्या माशाचे कल्ले आणि पर जाळीत अडकून फाटतात, हे त्याला माहीत होतं. आदल्या दिवसापासून माशाला खायला दिलं नव्हतं, म्हणजे प्रवासात पाणी खराब होणार नाही. भावानं झाकणाची मोठी बादली टाकीतच आडवी बुडवली. आईनं डबी हलवली. मासा नेहमीसारखा तिच्या दिशेनं आला आणि आपणहून बादलीत शिरला. भावानं बादली हळूच उभी केली.

“फसवलं रं तुला,” आई बादलीत बघून म्हणाली.

झाकणाला भोकं पाडलेली होती. बॅटरीवर चालणारा छोटा पंप भावानं आत सोडला. बादलीवर ओला टॉवेल टाकला, ऊन लागू नये म्हणून. बादली मागच्या सीटपुढे आईच्या पायांमध्ये ठेवली आणि आईनं दोन्ही गुडघ्यांनी ती आवळून धरली. तिची एक पिशवी, एक ट्रंक, बादली. भावाकडे इतकी वर्षं राहून तिचं एवढंच सामान होतं. भाऊ खाली सोडायला आला. गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाला, “दादा, खड्ड्यातून हळू.” मला वाटतं त्याला अजून काही बोलायचं होतं.

माणच्या पुढे रस्त्यावर मेंढरं आडवी आली. धनगरांचा कळप होता, उन्हानं मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून चालत होती. मी हॉर्नवर हात ठेवला तर आई मागून ओरडली, “वाजवू नगंस! घाबरतंय ते.” मला कळेना, मेंढरं की मासा. तिनं काच खाली केली. कळपाबरोबरची बाई, डोक्यावर बोचकं आणि कडेवर कोकरू, गाडीशेजारी थांबली.

“मावशे, बादलीत काय हाय गं? दही इकाया चाललीस व्हय मोटारीतनं?”

“नातू हाय माजा,” आई म्हणाली.

“बघू की!” तिनं वाकून टॉवेल उचलला, भोकातून आत पाहिलं. “आगं बया! काळा हाय की!”

“आज्यावर गेलाय.”

दोघी हसल्या. मग त्या बाईनं विचारलं, “कुटं चालला म्हनायचं?”

“थोरल्याकडं,” आई म्हणाली. “बघू. किती दिवस ठेवतोय.”

ती हे हसतच म्हणाली. मी आरशात तिच्याकडे बघितलं आणि लगेच रस्त्याकडे बघितलं. शेवटची मेंढी रस्ता ओलांडून गेली तरी मी गाडी पुढे घ्यायचं विसरलो होतो.

घरी बायकोनं दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. आईनं त्या बादलीवरूनही तुकडा ओवाळून टाकायला लावला. मग आम्ही हॉलमध्ये गेलो आणि मी टाकीचे दिवे लावले. निळसर उजेड पडला. आई बघतच राहिली.

“लई मोटी हाय,” ती म्हणाली.

मी बादलीचं झाकण काढलं. जांब्याचं पाणी पिवळट दिसत होतं. मी त्यातलं जमेल तेवढं पाणी न्हाणीघरात ओतून टाकलं, तळाला मासा भिजेल एवढंच ठेवलं, आणि बादली टाकीच्या काठावर टेकवून मासा नव्या पाण्यात सोडला. सगळं मिळून मिनिटभराचं काम. मी हात पुसत मागे वळून आईकडे बघितलं, लहानपणी पाटीवर गणित सोडवून दाखवताना बघायचो तसं.

मासा क्षणभर जागच्या जागी थांबला. मग एकदम उसळला. काचेवर आपटला, वळला, दुसऱ्या काचेवर आपटला. झाकण हललं, पांढरी वाळू धुरासारखी वर आली. ती खाली बसली तेव्हा मासा तळाशी एका कुशीवर पडलेला होता. कल्ला उघडझाप करत होता.

“आई, हे असं होतं,” मी घाईनं म्हणालो. “मी वाचलंय. जागा बदलली की हे मासे रुसतात. आडवे पडून राहतात. दोन दिवसांत उठतात.”

मी वाचलं होतं, ते खोटं नव्हतं. पण मला जे सोयीचं होतं तेवढंच मी वाचलं होतं.

आईनं खुर्ची ओढून टाकीसमोर घेतली आणि बसली. बायकोनं जेवायला बोलावलं तर म्हणाली, भूक नाही. बायकोनं तिला तिची खोली दाखवली, गादी दाखवली. “चांगलं हाय,” ती म्हणाली आणि परत येऊन खुर्चीवर बसली. मी दोन-तीनदा जवळ जाऊन उभा राहिलो. तिची नजर टाकीवरून हलली नाही. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

सकाळी मी उठून बाहेर आलो तर दिवा लागलेला होता. मासा आता वर होता, पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड आणून हवा ओढत होता. त्याच्या काळ्या अंगावर साय धरावी तसा पांढुरका थर आला होता, आणि एक डोळा धुरकट झाला होता. आई त्याच खुर्चीवर होती. तिची अंघोळ झालेली होती, लुगडं बदललेलं होतं, आणि पिशवी मांडीवर होती.

“मला ष्ट्यांडवर सोड,” ती म्हणाली. “बार्शीची यष्टी सकाळची असती.”

“आई, अगं…”

“ह्यो जायचा आता. ह्याचं जानं मला हितं बसून बघायचं न्हाई.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं, पण तेच तोंडातून आलं.

“तुला माहीत होतं का, हे पाणी चालणार नाही म्हणून?”

“व्हय. त्याला पानी बदलताना एका टायमाला लोटकंभर बदलायचं, येवढं मला ठावं हाय. सगळंच बदलल्यावर काय ऱ्हातंय त्याचं?”

“मग काल का बोलली नाहीस? मी ओतत होतो तेव्हा तू तिथेच उभी होतीस.”

तिनं पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले.

“तुज्या घरात मी काय बोलू?”

तिनं हे मला टोचायला म्हटलं नव्हतं. नळ कुठे आहे हे विचारावं तसं ती म्हणाली. भावाच्या घरी ती भावाला, भावजयीला, दूधवाल्याला, वॉचमनला सगळ्यांना बोलायची. चहात साखर जास्त झाली तर कपबशी सरकवून द्यायची. माझ्या घरात तिच्या डोळ्यांसमोर तिचा मासा मरणाच्या पाण्यात सोडला जात होता आणि ती पाहुण्यासारखी गप्प उभी राहिली होती. कारण मी तिला इतकी वर्षं पाहुणी म्हणूनसुद्धा आणलं नव्हतं.

मी भावाला फोन लावला. त्याच्याकडे खोकी बांधायचं काम चालू होतं, मागे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता.

“दादा, पाणी कुठलं घातलंस?”

“जारचं.”

“सगळं?”

“सगळं.”

त्यानं मागच्यांना थांबायला सांगितलं. मग म्हणाला, “अरे, तो इतकी वर्षं टँकरच्या पाण्यात वाढलाय. त्या जारच्या पाण्यात क्षार वगैरे काहीच नसतं. तू त्याला एकदम… दादा, तुला सगळं नवंकोरंच का लागतं रे?”

“ते सोड. टाकी रिकामी केलीस का?”

“अर्धी आहे अजून. उद्या ट्रक येतोय, आज दुपारी सांडणार होतो.”

“सांडू नकोस. मी येतो.”

मी आईसमोर उभा राहिलो. “आई, मी जांब्याला जाऊन जुनं पाणी घेऊन येतो. तेवढं थांब. नाही जमलं तर मी स्वतः तुला बार्शीला सोडतो, स्टँडवर नाही, घरापर्यंत.”

ती माशाकडे बघत होती. “स्पंज आन,” ती म्हणाली. “धुऊ नगंस.”

जांब्याला पोचलो तर भावानं लाकडी खुर्चीवर चढून टाकीत नळी सोडलेलीच होती. भावजयीनं पाण्याचे रिकामे कॅन, तेलाचे धुतलेले डबे, मिळेल ते गोळा करून ठेवलं होतं. टाकीच्या तळाशी गाळ होता, काचेवर ते पांढरे थर होते, ज्यांची मला लाज वाटली होती. भाऊ नळी तोंडानं ओढून पाणी चालू करायचा आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडात थोडं जायचं. तो थुंकायचा, पुन्हा ओढायचा. मी कॅन धरून बसलो होतो. आमच्यात इतका वेळ शेजारी बसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

“आई काय म्हणते?” त्यानं विचारलं.

“पिशवी घेऊन बसलीये.”

त्यानं मान हलवली. मग स्पंज प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्यासकट घातला, झाकण लावलं. काळा, चिकट, वास येणारा. तो डबा त्यानं माझ्या हातात दिला तेव्हा म्हणाला, “मी तिला नेलं असतं रे. ती येत नाही.” मी म्हणालो, “माहीत आहे.” इतकंच बोलणं झालं. कॅन गाडीत चढवताना तो एक बाजू आणि मी एक बाजू धरत होतो.

येताना खड्ड्यांतून गाडी मी जितकी हळू चालवली तितकी कधी चालवली नसेल. मागे कॅनमध्ये पाणी डुबुक डुबुक वाजत होतं. गाडीभर शेवाळाचा वास होता.

घरात पाऊल ठेवलं तर आई खुर्चीवरून उठलेली होती. पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवलेली होती. तिनं पदर खोचला होता.

“ते दिवे बंद कर आदी,” ती म्हणाली. “डोळ्यात जातंय त्याच्या. आन् पडदा वड.”

मी दिवे बंद केले, पडदा ओढला.

“स्पंज आत टाक. हां. तितं नगं, पानी फिरतंय तितं टाक. पोरी, खडेमीठ हाय का घरात? साधं, बारीक नगं.”

माझ्या बायकोनं मीठ आणलं. आईनं चिमूटभर तांब्यातल्या पाण्यात विरघळवलं.

“मी पाणी ओततो,” मी कॅन उचलला.

“खाली ठेव!” ती खेकसली. “मारतोस का त्याला परत? एकदा झटका बसलाय, आता उलटा झटका देतोस व्हय? येकेक तांब्या. मी सांगंन तवा.”

मग आम्ही बसलो. मी कॅनमधून तांब्या भरायचा, ती तो टाकीच्या कोपऱ्यात काचेवरून ओघळेल असा सोडायची, आणि थांबायचं. बराच वेळ थांबायचं. तेवढ्या मापानं मी जारचं पाणी मगानं काढून बादलीत टाकायचो. पुन्हा तांब्या. दुपारची उन्हं पडद्याच्या कडेनं आत आली. माझ्या ऑफिसचे फोन वाजत होते, मी तो फोन स्वयंपाकघरात ठेवून आलो. तांब्या सोडून झाला की थांबण्याच्या वेळात ती टाकीकडे बघायची आणि मी तिच्या हातांकडे. मनगटाची हाडं वर आलेली, कातडी सैल. मला वाटत होतं की मी हे हात आजच बघतोय.

मध्येच ती म्हणाली, “तुज्या बापालाबी असंच केलंवतं तू.”

मला कळलं होतं. वडिलांना गावच्या डॉक्टरकडून मी एका दिवसात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं, कुणाचंही न ऐकता, सगळ्यात चांगली खोली घेऊन. ते तिथून परतले नाहीत. ते कुठेही वाचले नसते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते खरं असेल. पण “मला आपल्या घरी ने” असं ते म्हणत होते आणि मी त्यांना चांगली खोली दाखवत होतो.

“व्हय,” मी म्हणालो. गावची भाषा माझ्या तोंडात आली.

तिनं तांब्या पुढे केला. “भर.”

संध्याकाळपर्यंत टाकीतलं पाणी पिवळट झालं होतं. पांढऱ्या वाळूवर काळी घाण बसली होती. मासा वरून खाली गेला आणि पुन्हा कुशीवर पडला. पण श्वास आता हळू चालला होता. आई म्हणाली, “निजू दे.” बायकोनं ताटं वाढली. आईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवताना म्हणाली, “पोरी, मीठ कमी हाय गं.” बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी उठून मिठाची वाटी आणली.

दुसऱ्या दिवशी भाऊ ट्रक निघाल्यावर भावजयीसह आमच्याकडे येऊन गेला. टाकीसमोर उकिडवा बसून त्यानं बॅटरीनं माशाचा डोळा बघितला. “हा डोळा जाईल बहुतेक,” तो म्हणाला. मी शेजारी उभा होतो. तो माझ्याकडे न बघता उठला आणि आईच्या पाया पडला. ती त्याच्या पाठीवरून किती तरी वेळ हात फिरवत राहिली. त्याची गाडी गेटबाहेर गेली तरी ती बाल्कनीत उभी होती. मला वाटलं, आता पिशवी खुंटीवरून खाली येईल. पण ती येऊन टाकीसमोर बसली.

मासा बरेच दिवस उठला नाही. रोज डबी हलवायची, तो यायचा नाही. मी ऑफिसातून आलो की आधी टाकीकडे जायचो आणि मग आईच्या तोंडाकडे बघायचो. एके दिवशी दुपारी तिनं मला ऑफिसात फोन केला. ती मला कधी फोन करत नाही, म्हणून मी हातातलं काम तसंच टाकून तो उचलला.

“उटला,” ती म्हणाली. “खाल्लं न्हाई. पर उटून बसलाय मुडद्या.” आणि फोन ठेवला.

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

त्याचा डोळा मात्र गेला. आता तिथे दुधाच्या काचेसारखा पांढरा गोळा आहे. आई त्याला नेहमी चांगल्या डोळ्याच्या बाजूनं खायला देते. मी सकाळी त्या दुसऱ्या बाजूनं टाकीजवळून जातो तेव्हा त्याला मी दिसत नाही. काचेवर हात ठेवला तरी तो हलत नाही. मी रोज थोडा वेळ तिथे थांबतो.

महिना होऊन गेला. गावी जायचं तिनं अजून काढलेलं नाही, राहते असंही म्हटलेलं नाही. पिशवी दारामागच्या खुंटीलाच आहे. त्यात काय आहे ते मी बघितलेलं नाही. फोनवर कुणी विचारलं तर ती सांगते, “थोरल्याकडं हाय.” घरी आहे असं म्हणत नाही. ते तिनं म्हणावं अशी वाट बघायचा मला हक्क आहे की नाही, मला ठरवता येत नाही.

आमच्या बाल्कनीत आता एक हिरवी बादली असते. बोअरचं पाणी ती आदल्या दिवशी त्यात काढून ठेवते, वर फडकं झाकते. परवा सकाळी माझ्या हातून बाल्कनीत चहा सांडला. समोर बादली दिसली म्हणून मी फडकं बाजूला केलं आणि दोन मग पाणी फरशीवर ओतलं.

“आरं मुडद्या!” आईचा आवाज आतून आला, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढा. “कुनाला इचारून हात लावलास बादलीला? डोळं फुटलं का? मापात काढलेलं पानी हाय ते! भर परत. भर आत्ता. न्हाई तर बघ!”

शेजारच्या बाल्कनीतल्या बाईंनी कपडे वाळत घालता घालता मान वर केली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी हातात मग घेऊन फरशीवरच्या पाण्यात अनवाणी उभा होतो.

“भरतो, आई,” मी म्हणालो, आणि नळाखाली बादली लावली.